तळणीचं ग्रहण आणि दोरीच्या पलीकडचं विज्ञान

मोताळ्याच्या, धामणगाव बढेच्या, रोहिणखेडच्या आणि शेतातून मोबाइलवर हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्या जणींनो, आज थोडा इतिहास सांगणार आहे. राजाराणीचा इतिहास हा नाही. सूर्याचं, चंद्राचं, ताऱ्यांचं ज्ञान कॉलेजाच्या आणि विद्यापीठाच्या खोलीतून बाहेर कसं आलं आणि आपल्यासारख्या बायकांपर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागला, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात घरातल्या आठवणीने करते. १९९५ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, सकाळीच सूर्यग्रहण होतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, बंगाल अशा पट्ट्यात ते खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास. दूरदर्शनवर थेट दाखवत होते. आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता आणि पुरुष, पोरंसोरं सगळी तिथे जमली होती. माझ्या थोरल्या वहिनीला सातवा महिना होता. तिला मधल्या खोलीत बसवलं, खिडकीला गोधडी लावली. पाणी नाही, अन्न नाही, विळी-सुईला हात लावायचा नाही, कूस बदलायची नाही. मी दाराशी बसले होते. आजी म्हणाली, "बाहीर नको पाहू, पोरी. पोटातल्या लेकराले काही झालं त कोनाच्या माथी?" आजी वाईट नव्हती. तिला जे कुणी सांगितलं होतं तेच ती सांगत होती. वहिनीला दोन तासांत चक्कर आली, तेव्हा आजीनेच घाबरून तिला पाणी पाजलं. पुढे मूल चांगलं झालं. आज ते मूल तीस वर्षांचं आहे.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं, की याच वऱ्हाडात, वहिनीच्या त्या ग्रहणाच्या ९७ वर्षं आधी, एका बाईने भर उन्हात उभं राहून ग्रहणाचा फोटो काढला होता आणि तो जगभर गाजला. वाचून मला आधी आनंद झाला. मग राग आला, की हे आमच्या आजीला कुणीच कसं सांगितलं नाही?

ती गोष्ट अशी. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची दाट सावली कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर आली. तिथून सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर, मग वऱ्हाड, मग नागपूरच्या बाजूने वर बिहारात बक्सरकडे ती सरकत गेली. सावलीचा पट्टा अरुंद होता. त्या पट्ट्यात जो उभा राहील त्याला सुमारे दोन मिनिटं पूर्ण झाकलेला सूर्य दिसणार होता. आपलं मोताळा त्या पट्ट्याच्या उत्तरेला राहिलं. इथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, पण पूर्ण नाही.

त्या दोन मिनिटांसाठी इंग्लंड-अमेरिकेहून माणसं महिनाभराचा बोटीचा प्रवास करून आली. त्यातली एक तुकडी उतरली तळणीला. तळणी म्हटलं की आपल्याला आपल्याच तालुक्यातली तळणी आठवते, आणि धामणगाव म्हटलं की धामणगाव बढे. पण ही तळणी अमरावती जिल्ह्यातली, धामणगाव रेल्वे आणि पुलगाव यांच्या मधलं लहानसं स्टेशन. मुंबईहून तिथे जाणारी आगगाडी मात्र आपल्या मलकापुरावरूनच जाते. म्हणजे त्या मडमा आणि साहेब, त्यांच्या दुर्बिणींच्या पेट्या, काचेच्या प्लेटा, सगळं आपल्या अंगणावरूनच गेलं म्हणा ना.

त्या तुकडीत ॲनी माँडर नावाची बाई होती. तिचा जन्म १८६८ चा, आयर्लंडमधला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, परीक्षेत वरचा क्रमांक मिळवला. पण बाई म्हणून पदवी नाही! केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. १८९१ साली ती ग्रिनिचच्या सरकारी वेधशाळेत लागली. काम आकडेमोडीचं आणि सूर्याचे फोटो काढून त्यावरचे डाग मोजण्याचं, पगार महिना चार पौंड. तिथल्याच वॉल्टर माँडर या खगोलशास्त्रज्ञाशी १८९५ मध्ये लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईने नोकरी करायची नाही असा तिथला नियम. म्हणजे बघा, सातासमुद्रापारही उंबरठा होताच, फक्त त्यांचा वेगळा होता.

ती घरी बसली नाही. गर्टन कॉलेजच्या मदतीच्या पैशातून तिने लहानशा भिंगाचा कॅमेरा तयार करून घेतला आणि हौशी खगोलप्रेमींच्या संघाबरोबर नवऱ्यासोबत तळणीला आली. सूर्य पूर्ण झाकला गेला की त्याच्याभोवती मोत्यासारखा पांढरा प्रकाश दिसतो, त्याला प्रभामंडळ किंवा करोना म्हणतात. एरवी सूर्याच्या झगमगाटात तो दिसत नाही, जशी दुपारी उन्हात ठेवलेल्या समईची ज्योत दिसत नाही. ॲनीबाईंच्या प्लेटवर त्या प्रभामंडळाचा एक किरण इतका लांब उमटला, की तोवर कुणालाच तसा टिपता आला नव्हता. सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब. मोठमोठी यंत्रं घेऊन आलेल्यांना जमलं नाही ते या बाईच्या लहान कॅमेऱ्याने केलं. तरी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं ते थेट १९१६ मध्ये. १८९२ मध्ये तिचं नाव सुचवलं होतं, तेव्हा नाकारलं होतं.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. तिकडे जेऊरला आपल्याच मुलखातले एक प्राध्यापक उभे होते, कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते शिकवत. हे कॉलेज मुंबई विद्यापीठाच्या हाताखालचं. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी पुण्यात १८८८ साली वेधशाळा उभी केली. तिच्यात वीस इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी. जेऊरच्या माळावर त्यांनी आपली उपकरणं लावली. शेजारी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ होत्या. म्हणजे आपल्या एका कॉलेजातली भौतिकशास्त्राची शाखा त्या दिवशी जगाच्या बरोबरीने उभी होती. ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण या गोष्टीचा शेवट ऐका. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि ती वेधशाळा बंद झाली. मोठी दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम त्या माणसाबरोबर संपलं. आणि तळणीच्या ग्रहणाचं जे पुस्तक निघालं ते पुढच्या वर्षी, १८९९ साली, इंग्रजीत. आकाश आपलं, माळ आपला, पण ज्ञान साहेबाच्या भाषेत आणि साहेबाच्या पेटीत. माझ्या आजीची आजी तेव्हा कुठेतरी वऱ्हाडातच अंधाऱ्या खोलीत बसली असेल.

याचा अर्थ मराठीत तेव्हा कुणी सांगतच नव्हतं असं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं नाव घेतलंच पाहिजे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मुरूड, नोकरी शिक्षकाची. त्यांनी साध्या वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' हे आकाशाच्या ओळखीचं पुस्तक मराठीत लिहिलं. १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ छापला. आपल्या पूर्वजांनी ग्रहणाचं गणित कसं मांडलं होतं, ते त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. ग्रहणाच्या त्याच वर्षी, १८९८ मध्ये, ते वारले. त्यांनी विज्ञान मराठीत आणलं. पण पुस्तक वाचायला वाचता यावं लागतं, आणि तेव्हा शाळेत जाणारी मुलगी विरळा. तेव्हा भाषा आपली झाली तरी दार उघडलं नव्हतं.

मध्ये बराच काळ गेला. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, हौशी लोकांनी एकत्र येऊन आकाश बघायचं म्हणून. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली. पण ही शहरं. खेड्याच्या शाळेत विज्ञान पोचलं ते पुस्तकातल्या धड्याच्या रूपाने, आणि तो धडा पाठ करायचा असे.

इथे मला एका शेजारच्या गावाची गोष्ट सांगायची आहे. मलकापूर, मुक्ताईनगर ओलांडून पुढे गेलं की रावेर तालुक्यात खिरोदा लागतं, फैजपूरच्या बाजूला. १९७४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्याचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्राचे संशोधक. या केंद्राने अगदी सुरुवातीच्या कामासाठी जी गावं निवडली, त्यात हे खिरोदा होतं. अणूंवर काम करणारी माणसं खानदेशातल्या माध्यमिक शाळांत येऊन मुलं का अडतात ते बघू लागली.

त्यांना काय सापडलं? मुलांना विज्ञान अवघड जात होतं, पण पुष्कळदा अडचण विज्ञानाची नव्हतीच. अडचण पुस्तकाच्या मराठीची होती. जड संस्कृत शब्द, लांबलचक वाक्यं. तीच गोष्ट सोप्या मराठीत लिहून दिली, तर तीच मुलं ती चांगली समजून घेत होती. मी माझ्यापुरतं एक उदाहरण देते. 'प्रकाशाचे सरलरेषीय प्रसरण' असं म्हटलं की माझी नात वही मिटते. 'उजेड सरळ जातो, वळण घेत नाही, म्हणून सावली पडते' असं म्हटलं की ती लगेच भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा करून दाखवते. दोन्ही वाक्यांत विज्ञान तेच आहे. आपल्या किती मैत्रिणींनी 'मला सायन्स जमत नाही' म्हणून दहावीनंतर शाळा सोडली असेल, आणि त्यांना जमत नव्हती ती फक्त ती भाषा! हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्या बहिणीच्या बाबतीत असंच झालं होतं.

आता जवळच्या काळात येऊ. जयंत नारळीकर हे नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. केंब्रिजला जाऊन मोठं नाव कमावलं आणि भारतात परत आले. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठाच्या आवारात एक केंद्र उभं राहिलं, आयुका. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचं आंतरविद्यापीठीय केंद्र. 'आंतरविद्यापीठीय' म्हणजे काय, तर ते एकट्या पुण्याचं नाही. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला तिथे जाऊन शिकता यावं, काम करता यावं यासाठी ते आहे. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे आपल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सर-मॅडमचाही त्या दारावर हक्क आहे.

आयुकाने आणखी एक केलं. शाळेच्या मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं ठेवली. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी दारं सगळ्यांना उघडी केली, कुणीही या आणि बघा. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला आपला शोध लावला म्हणून तो दिवस. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षं काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने बाटल्यांचे बूच यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली.

आणि नारळीकर सरांची ती पोस्टकार्डाची गोष्ट! शाळेतली मुलं त्यांच्याकडे सहीसाठी वही घेऊन गर्दी करत. सर सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली सही असेल. अशी ढिगाने पत्रं आली आणि त्यांनी उत्तरं दिली. पोस्टकार्ड किती पैशांचं असतं? खेड्यातल्या पोरीलाही परवडेल असं ते दार होतं. खरं विचारायचं तर १८९८ आणि या पोस्टकार्डात फरक हाच आहे. तळणीला शास्त्रज्ञ आले आणि आकाश बघून गेले. इथे शास्त्रज्ञाने विचारलं, तुला काय विचारायचं आहे?

या गोष्टीत एक बाई मागे उभी आहे, तिचंही नाव घेऊ. मंगला नारळीकर, स्वतः गणिताच्या अभ्यासक. घर, मुली, सासू-सासरे सांभाळून त्यांनी गणितात डॉक्टरेट केली, मुलांना गणित सोपं करून सांगणारी पुस्तकं लिहिली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकरांनी कथा पाठवली, पण आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं! मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, सर २०२५ मध्ये.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. बाहेरून कोसळलेल्या दगडाने पडलेला तो खड्डा, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांतून दाखवून दिलं, की हा ज्वालामुखी नाही, आकाशातून आलेल्या आघाताचं हे काम आहे. जगभरचे अभ्यासक तिथे येतात. आपण मात्र कमळजादेवीचं दर्शन घेतो, पाणी बघतो आणि घरी येतो. दर्शन जरूर घ्यावं. पण त्या काठावर उभं राहून आपल्या मुलीला हे सांगणारंही कुणीतरी हवं, आणि ते आपणच का असू नये?

म्हणून शेवटी कामाचं बोलते. २ ऑगस्ट २०२७ ला, दुपार उलटून गेल्यावर, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळ्याचे दिवस, ढग असतील तर नाइलाज. ग्रहण म्हणजे काय ते आधी घरात करून बघा. एक डोळा मिटा आणि रुपयाचं नाणं दुसऱ्या डोळ्यासमोर धरा, समोरची परात झाकली जाते. नाणं लहान, परात मोठी, पण नाणं जवळ आहे. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशेपट रुंद आहे आणि सुमारे चारशेपट लांबही आहे, म्हणून एवढासा चंद्र त्याला झाकू शकतो. एवढंच ग्रहण. ही सावली आहे. सावलीने अन्न बिघडत नाही, पाणी बाटत नाही, पोटातल्या बाळाच्या ओठाला काही होत नाही. गरोदर बाईला उपाशी-तहानलेलं ठेवलं तर मात्र त्रास होतो, तिला आणि बाळालाही.

जपायचं ते डोळ्यांना, आणि तेही ग्रहण असो-नसो, सगळ्यांनीच. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. साधा गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेचा कागद, पाण्याची परात, यातलं काहीच चालत नाही. ग्रहणासाठीचा खास प्रमाणित चष्मा मिळाला तर ठीक. नाहीतर स्वयंपाकघरातला झारा घ्या, उन्हात धरा आणि खाली जमिनीवर पडलेली सावली बघा. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून एक एक चंद्रकोरीसारखा सूर्य उतरलेला दिसेल. अंगणात कडुनिंब असेल तर त्याच्या पानांमधूनही तशाच कोरी पडतात.

त्याआधी एक करा. तुमच्या बचत गटाच्या बैठकीला जवळच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमला किंवा सरांना बोलवा. सांगा, आमच्या भाषेत समजावून द्या. प्रश्न आधी लिहून ठेवा, कितीही साधे वाटले तरी. जी गरोदर असेल तिला पुढे बसवा.

वहिनी आता आजी झाली आहे. हे भाषण लिहिताना मी तिला विचारलं, २०२७ ला काय करशील? ती म्हणाली, "झारा घेऊन पहिले मीच अंगनात जाईन. मंग पाहू कोन अडवते."